एडिंबरा फ्रिंजमधील छोट्या नाटकांचे आणि एकपात्री प्रयोगांचे परीक्षण कसे लिहावे?

उत्तरवारा

नमस्कार. गेली काही वर्षे मी स्कॉटलंडमध्ये राहते आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये एडिंबरा फ्रिंज या महोत्सवातील नाटकांची परीक्षणे एका स्वयंसेवी संकेतस्थळासाठी लिहिण्याचे मी मान्य केले आहे. मानधन नाही, परंतु प्रयोगाचे प्रवेशपत्र मिळते. त्या बदल्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुमारे तीनशे शब्द लिहून द्यायचे आणि पाचांपैकी किती तारे ते ठरवायचे. माझ्या वाट्याला प्रामुख्याने एकपात्री प्रयोग आणि दोन-तीन नटांची, नव्या लेखकांची नाटके येणार आहेत.

पुण्यात असताना सुदर्शन रंगमंचावर होणारी प्रायोगिक नाटके मी नेमाने पाहत असे आणि त्यांच्याविषयी अधूनमधून लिहीतही असे. तेथे एका नाटकावर हजार-बाराशे शब्द लिहायला मिळत, वाटल्यास नाटक पुन्हा पाहता येई, आणि दिग्दर्शकाचे आधीचे काम ठाऊक असल्यामुळे नव्या प्रयोगाकडे कोठून पाहायचे याचा अंदाज असे. येथे यांतले काहीच हाताशी नसेल. नट अनोळखी, संहिता अप्रकाशित, प्रयोग पन्नास-पंचावन्न मिनिटांचा आणि पाहणे एकदाच.

माझी पहिली अडचण तौलनिक आहे. दुपारी ट्रॅव्हर्ससारख्या बारमाही रंगमंदिरातले सुसज्ज नाटक आणि रात्री एखाद्या तळघरात एका खुर्चीवर निभावलेला प्रयोग पाहिल्यावर दोघांना एकाच मापाने तारे देणे न्याय्य आहे का? दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. एकपात्री प्रयोगांपैकी बरेच आत्मकथनपर असतात, आणि आजारपण, छळ, जवळच्या माणसाचा मृत्यू अशा अनुभवांवर उभ्या असलेल्या प्रयोगाची रचना सैल आहे असे म्हणताना आपण त्या माणसाच्या दुःखालाच गुण देत आहोत की काय, असे वाटू लागते. शिवाय नवोदितांशी किती सौम्यपणे वागावे, हाही प्रश्न आहेच. ज्यांनी तेथे परीक्षणे लिहिली आहेत किंवा प्रयोग केले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिसरी_घंटा

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर फ्रिंजच्या घडणीत आहे असे मला वाटते, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. १९४७ साली एडिंबरा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रणाशिवाय येऊन थडकल्या आणि त्यांनी मिळेल त्या जागी आपापली नाटके केली. त्यांतले एक तर शहराबाहेर, डनफर्मलिनच्या जुन्या ॲबीत झाले. १९५८ मध्ये फ्रिंज सोसायटी स्थापन झाली, परंतु नाटके निवडणे हे आपले काम नव्हे, हे तत्त्व तिने आजतागायत पाळले आहे. जागा मिळवावी, नोंदणीचे पैसे भरावेत आणि प्रयोग करावा. २०१९ साली या रीतीने ३,८४१ वेगवेगळे कार्यक्रम झाले. ट्रॅव्हर्स किंवा समरहॉल यांसारख्या काही जागा आपापला कार्यक्रम निवडून ठरवतात हे खरे, पण महोत्सव म्हणून चाळणी कोठेच लागत नाही.

परीक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. आपल्याकडे वृत्तपत्रात ज्या नाटकाचे परीक्षण येते त्याला निर्मात्याने, संस्थेने किंवा निदान एखाद्या स्पर्धेच्या परीक्षकाने आधी पसंत केलेले असते. फ्रिंजमधल्या तळघरातल्या प्रयोगावर मात्र तिऱ्हाईत म्हणून पहिल्यांदा लेखी मत नोंदवणारी व्यक्ती बऱ्याचदा आपणच असतो, आणि पुष्कळदा शेवटचीही. त्यामुळे अशा परीक्षणात मतापेक्षा वर्णनाला मी वरचे स्थान देतो. रंगमंचावर काय होते, नट प्रेक्षकांशी थेट बोलतो की ते समोर नाहीतच असे मानून चौथी भिंत पाळतो, एकच पात्र आहे की अनेक, प्रेक्षकांना खेळात ओढले जाते का, गाणी आहेत का, बोलण्याचा वेग कसा आहे, हे वाचकाला तीनशे शब्दांत कळले पाहिजे. वाचक बहुधा पावसात कोठेतरी आडोशाला उभा राहून पुढच्या तासाचे काय करावे हे ठरवत असतो. आपल्याला नाटक आवडले नाही तरी ते स्वतःला आवडेल की नाही, हे त्याला आपल्या वर्णनावरून ठरवता यावे. मला कंटाळवाणा वाटलेला, कठपुतळीच्या आधाराने सांगितलेला प्रयोग एखाद्याला नेमका हवा असतो.

आता परिस्थितीबद्दल. या महोत्सवातली बहुसंख्य प्रेक्षागृहे मुळात प्रेक्षागृहे नसतात. विद्यापीठाची व्याख्यानदालने, चर्चची सभागृहे, मद्यगृहांच्या माड्या आणि काउगेटजवळच्या दगडी कमानींखालच्या ओल धरलेल्या खोल्या ऑगस्टपुरत्या रंगमंच होतात. समरहॉल हे पूर्वीचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि तेथे शरीररचनाशास्त्राच्या जुन्या, उतरत्या बाकांच्या वर्गात नाटके होतात. एकाच खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत सात-आठ प्रयोग लागलेले असतात आणि दोहोंमध्ये फार तर पंधरा-वीस मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात आधीच्या मंडळींनी सामान उचलायचे, पुढच्यांनी मांडायचे आणि प्रेक्षकांनी आत येऊन बसायचे. प्रकाशयोजनेचे दिवे सर्वांना सामाईक असतात. हे ठाऊक असले म्हणजे नेपथ्य तुटपुंजे होते असे वाक्य आपल्या हातून लिहिले जात नाही, कारण जे सामान एका माणसाला पाच मिनिटांत हलवता येत नाही ते तेथे असूच शकत नाही. मात्र त्याच मर्यादेत कोणी दोन दिव्यांच्या आधारे रुग्णालय, रेल्वेचा डबा आणि समुद्रकिनारा उभा केला असेल, तर त्याला आवर्जून श्रेय द्यावे. मर्यादा सर्वांना सारखीच असते आणि तिचा उपयोग मात्र प्रत्येक जण वेगळा करतो.

तुलनेच्या प्रश्नावर मला जर्मन कवी गटेचा आधार सोयीचा वाटतो. इटालियन लेखक मान्झोनीच्या नाटकाबद्दल लिहिताना त्याने विधायक समीक्षेचे तीन प्रश्न मांडले होते: लेखकाने काय करायचे ठरवले होते, ते ठरवणे शहाणपणाचे होते का, आणि ते त्याला कितपत साधले. ट्रॅव्हर्समधल्या नाटकाला आणि तळघरातल्या प्रयोगाला हे प्रश्न सारखेच विचारता येतात. उत्तरे निरनिराळी येतील. नवशिके परीक्षक फक्त तिसराच प्रश्न विचारतात आणि सफाईला गुण देऊन मोकळे होतात, म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे असे मी सुचवीन. अत्यंत सफाईने केलेला, परंतु करण्याचे काही कारण नसलेला प्रयोग फ्रिंजमध्ये वारंवार भेटतो.

एका छोट्या परीक्षणाने काय होऊ शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे. १९६६ साली ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मंडळीने टॉम स्टॉपर्डचे ‘रोझेनक्रँट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ फ्रिंजमध्ये केले. सुरुवातीचा प्रतिसाद यथातथाच होता. ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रामध्ये रोनाल्ड ब्रायडन यांचे परीक्षण आले, ते वाचून नॅशनल थिएटरच्या केनेथ टायनन यांनी संहिता मागवून घेतली, आणि पुढच्याच वर्षी ते नाटक लंडनला ओल्ड व्हिकमध्ये उभे राहिले. विद्यार्थ्यांचा तो प्रयोग मुळीच निर्दोष नव्हता. तरीही कच्च्या प्रयोगातून पक्की संहिता ब्रायडन यांना दिसली, आणि फ्रिंजच्या परीक्षकाला नेमकी हीच नजर लागते.

रिकामी_रांग

तिसरी घंटा यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु पलीकडच्या बाजूने थोडे सांगते. मी इंग्रजीतून एकपात्री प्रयोग घेऊन फ्रिंजला गेले होते, मद्यगृहाच्या माडीवरच्या खोलीत, जेथे तिकीट नसते आणि प्रयोग संपल्यावर नट दाराशी बादली घेऊन उभा राहतो. पीटर बकली हिल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीमुळे जागेचे भाडे वाचते, पण राहण्याचा खर्च वाचत नाही, आणि ऑगस्टमधले एडिंबरातले घरभाडे हा स्वतंत्र शोकात्म नाट्याचा विषय आहे.

आमच्यासारख्यांना परीक्षकाकडून सौम्यपणा नको असतो, हे उत्तरवारा यांनी कृपया लक्षात घ्यावे. दयेपोटी दिलेले तीन तारे कोणाच्याच कामाचे नसतात. चार तारे मिळाले तर रात्रीतून त्यांच्या पट्ट्या छापून भित्तिपत्रकांवर स्टेपलरने ठोकता येतात आणि रॉयल माइल या रस्त्यावर पत्रके वाटताना चार शब्द अधिक बोलता येतात; दोन तारे मिळाले तर निदान राग तरी येतो. तीन ताऱ्यांचे परीक्षण मात्र कोणी उघडूनही वाचत नाही. म्हणून तीन तारे देताना लिखाण अधिक नेमके असावे अशी माझी विनंती आहे. ‘आश्वासक’ हा शब्द तर पूर्ण टाळावा. नेमका कोणता प्रसंग जमला आणि कोणत्या ठिकाणी प्रेक्षक सुटले, एवढे लिहिले तर प्रयोग संपायला दोन आठवडे असताना आम्ही खरोखर बदल करतो. एकपात्री प्रयोगात दिग्दर्शक पहिल्या दोन दिवसांनंतर बहुधा घरी परतलेला असतो, आणि त्यानंतर बाहेरून पाहणारा डोळा म्हणून परीक्षकाशिवाय कोणी उरत नाही.

आमच्या प्रयोगाबद्दल एका ठिकाणी जे परीक्षण आले त्यात पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत गोष्ट सांगून टाकली होती, अखेरच्या उलगड्यासह, आणि शेवटी अभिनय ‘प्रभावी’ असल्याचे म्हटले होते. पंचावन्न मिनिटांच्या प्रयोगात एकच उलगडा असतो. तो फोडला की प्रेक्षकाने येण्याचे कारण उरत नाही. कथानक पहिल्या एक-तृतीयांश भागापलीकडे सांगू नये, हा नियम करून टाकावा.

आणखी दोन गोष्टी. पहिल्या दोन-तीन दिवसांचे प्रयोग स्वस्त तिकिटांचे आणि पूर्वप्रयोग म्हणून जाहीर केलेले असतात. तेथे परीक्षकाने नटाच्या संमतीशिवाय जाऊ नये. त्याचबरोबर परीक्षण लवकर प्रसिद्ध व्हावे, कारण शेवटच्या आठवड्यात आलेली स्तुती स्मरणिकेत लावण्यापुरतीच उरते. तसेच प्रेक्षकांत सहाच जण असतील तर पहिल्या रांगेत वही उघडून बसू नये. नटाला वहीच दिसते.

पिंपळपार

आत्मकथनपर प्रयोगांच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावलेला नाही, म्हणून पुण्यातून लिहितो. आम्हा मराठी प्रेक्षकांची एकपात्री प्रयोगाची कल्पना पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ने आणि पुढे लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने घडवली आहे. एक नट, अनेक माणसे. ‘वऱ्हाड’मध्ये तर बावन्न. या परंपरेत नटाचे कौशल्य म्हणजे स्वतःला बाजूला सारून इतरांना उभे करणे होय. फ्रिंजमधल्या आजच्या एकपात्री प्रयोगांपैकी बराच मोठा भाग याच्या उलट दिशेने जातो: नट स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतो. आपल्या नजरेने पाहिल्यास हा अभिनयच नव्हे असे वाटण्याचा धोका आहे, आणि तो उत्तरवारा यांनी प्रथम ओळखावा. स्वतःच्या नावाने बोलणारा नटदेखील तेच शब्द रोज ठरलेल्या वेळी म्हणत असतो, तेथेच थांबतो, तेथेच त्याचा आवाज दाटून येतो. विसाव्या दिवशी तो हुंदका कसा येतो, हे पाहणे परीक्षकाचे काम आहे, आणि त्यात अनादर काहीही नाही.

मी स्वतः असे प्रयोग पाहताना जगलेला माणूस आणि सांगणारा माणूस यांना वेगळे ठेवतो. पहिल्याबद्दल मला काहीही म्हणण्याचा अधिकार नाही. दुसऱ्याने काय गाळले, कोणता प्रसंग आधी आणला, आपल्या गोष्टीतल्या अनुपस्थित माणसांना, म्हणजे आईला, जुन्या जोडीदाराला, डॉक्टरांना, बोलण्याची संधी दिली की नुसते खलनायक केले, विनोद कोठे ढालीसारखा वापरला आणि कोठे हत्यारासारखा, हे सारे रचनेचे प्रश्न आहेत आणि त्यांवर पूर्ण कठोरतेने लिहिता येते. प्रेक्षकांवर काय लादले गेले, हाही रचनेचाच भाग आहे. तीस माणसांच्या खोलीत, दार नटाच्या मागे असताना, छळाचे तपशीलवार वर्णन ऐकायला लावणे ही दिग्दर्शकीय निवड आहे. तिचे समर्थन प्रयोगातून मिळते का, ते पाहावे.

एक सावधगिरी मात्र कायद्याच्या अंगाने घ्यावी. रिचर्ड गॅड यांचा ‘बेबी रेनडिअर’ हा एकपात्री प्रयोग २०१९ मध्ये समरहॉलमध्ये झाला, त्याला ‘स्कॉट्समन’ या वृत्तपत्राचा फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये त्याची मालिका आली, मालिकेने ही सत्यकथा असल्याचे म्हटले आणि त्यावरून अमेरिकेत खटला दाखल झाला. तेव्हा ‘ही खरी घडलेली गोष्ट आहे’ असे परीक्षकाने आपल्या तोंडाने म्हणू नये. ‘नट ही आपली गोष्ट म्हणून सांगतो’ एवढेच लिहावे. तेवढ्याने वाचकाचे काही अडत नाही.

जाता जाता, मराठी परीक्षणाची एक सवय विमानतळावरच सोडून द्यावी. शेवटच्या परिच्छेदात नेपथ्य साजेसे, पार्श्वसंगीत पूरक आणि प्रकाशयोजना परिणामकारक असल्याची हजेरी घेण्याची प्रथा राज्य नाट्य स्पर्धेच्या गुणपत्रिकेतून आली असावी असा मला नेहमी संशय येतो. तीनशे शब्दांत तिला जागा नाही, आणि एरवीही ती कोणी वाचत नसे.

उत्तरवारा

सर्वांचे मनापासून आभार. रिकामी रांग यांनी सांगितलेली वहीची गोष्ट माझ्या लक्षातच आली नसती.

आज संपादकांकडून पहिली यादी आली आणि तीतून एक नवीच अडचण निघाली आहे. माझ्या यादीतले निम्म्याहून अधिक प्रयोग भारतीय किंवा दक्षिण आशियाई कलावंतांचे आहेत: पंजाबी कुटुंबातल्या मुलीचे लंडनमधले बालपण, फाळणीवरचे एक नाटक, तमिळ आजीच्या स्वयंपाकघरावरचा प्रयोग. संपादकांचा हेतू चांगलाच आहे, परंतु पंजाबी घर किंवा तमिळ आजी यांबद्दल मला एखाद्या स्कॉटिश परीक्षकापेक्षा फार अधिक कळते असे नाही. दुसरीकडे, अशा प्रयोगांवर अज्ञानातून लिहिलेली परीक्षणेही मी वाचली आहेत. यादी स्वीकारावी की बदलून मागावी? आणि स्वीकारली तर त्या कलावंतांना माझ्याकडून अधिक तारे अपेक्षित असतील का?

रिकामी_रांग

अपेक्षा असतात, हे मान्य करते. ‘आपल्यातली कोणीतरी आली आहे’ असे नटाला वाटते आणि तारे कमी पडले की ते दुप्पट लागते. तरीही मी म्हणेन की यादी स्वीकारावी. माझ्या प्रयोगात सासूच्या तोंडी एक उखाणा होता. प्रेक्षकांपैकी एकीलाच तो कळला, ती मोठ्याने हसली आणि त्यामुळे बाकीचेही हसले. इंग्रजी परीक्षणांमध्ये त्या जागेचा उल्लेख ‘लयबद्ध प्रार्थना’ असा झाला होता.

तिसरी_घंटा

यादी अर्धी स्वीकारावी आणि अर्धी बदलून मागावी, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण संपादकांना स्पष्ट लिहून कळवावे. भारतीय परीक्षकाला केवळ भारतीय प्रयोग दिले, तर स्कॉटिश नाटकांवर बाहेरच्या नजरेने लिहिलेले काहीच प्रसिद्ध होणार नाही, आणि त्या नजरेची तेथे खरी टंचाई आहे. ग्लासगोच्या बोलीतला एखादा एकपात्री प्रयोग आपल्याला निम्माच कळला, तरी नटाचे शरीर, श्वास आणि प्रेक्षकांशी त्याचे चाललेले देणेघेणे यांबद्दल आपण जे लिहाल ते तेथल्या रोजच्या परीक्षकाला दिसत नसते. भाषा किती कळली हे मात्र परीक्षणात एका वाक्यात सांगून टाकावे.

दक्षिण आशियाई प्रयोगांच्या बाबतीत आपण जाणकार असल्याचा आव आणू नये. फाळणीवरच्या नाटकात लाहोरची एखादी गल्ली चुकली असेल तर ती आपल्यालाही कळणार नाही. पण इंग्रजी प्रेक्षकांना समजावे म्हणून घरातली माणसे एकमेकांना जे आधीपासून ठाऊक आहे तेच उगाच सांगत बसतात का, हे आपल्याला चटकन ऐकू येईल. परदेशी प्रेक्षकांसमोर होणाऱ्या आपल्याकडच्या नाटकांचा हा अगदी नेहमीचा दोष आहे, आणि इंग्रज परीक्षक त्यालाच ‘माहितीपूर्ण’ म्हणून वाखाणतात. आई मुलीला दिवाळी म्हणजे काय ते सांगू लागली, की तेथे एक तारा जावा. प्रयोग कोणाचा आहे, हे पाहण्याचे कारण नाही.

ताऱ्यांविषयी एवढेच की, लिखाण आधी पूर्ण करावे आणि तारे मागाहून ठरवावेत. आधी तारे ठरवले की उरलेले तीनशे शब्द त्यांचा बचाव करण्यात खर्ची पडतात. आणि परीक्षणातले कोणतेही वाक्य कापून, पुढेमागे टिंबे देऊन, भित्तिपत्रकावर जाणार आहे हे गृहीत धरावे. ‘सुरुवात अप्रतिम, पण नंतर घसरण’ असे लिहिले तर रॉयल माइलवर त्यातला केवळ ‘अप्रतिम’ भेटेल. ज्या वाक्यात दोष सांगायचा आहे त्यात स्तुतीचे विशेषण ठेवूच नये.